रांगेत उभा राहिलेला क्वार्टरबॅक

[ब्लॅकशिअर. सकाळ. मुख्य रस्ता, बंद दुकानं, एक पिकअप ट्रक जातो.]

हे ब्लॅकशिअर. जॉर्जिया राज्याचा आग्नेय कोपरा, वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, आणि शरद ऋतूत शुक्रवारी संध्याकाळी इथे कुणाला भेटायचं असेल तर घरी जाऊन उपयोग नाही, सरळ शाळेच्या मैदानावर जायचं. हायस्कूल फुटबॉल. म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही, हा लांबट बॉलचा, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा. नियम सगळे सांगत बसत नाही, एवढंच लक्षात ठेवा की प्रत्येक डावात बॉल आधी एका माणसाच्या हातात येतो आणि पुढच्या अडीच-तीन सेकंदांत त्याचं काय करायचं हे तो ठरवतो. तो क्वार्टरबॅक.

[शाळेचं मैदान, रिकामे बाक, फ्लडलाइटचे खांब]

इथल्या पिअर्स काउंटी हायस्कूलचा क्वार्टरबॅक होता स्टेटसन बेनेट. आईवडील दोघंही फार्मासिस्ट. उंची ५ फूट ११ इंच, आणि हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढे सगळं घोडं इथेच अडतं. मोठ्या कॉलेजांना क्वार्टरबॅक ६ फूट ३, ६ फूट ४ असा हवा असतो, समोर जी माणसांची भिंत उभी राहते तिच्या डोक्यावरून बघता आणि फेकता यायला पाहिजे ना. कॉलेजांचे कोच खेळाडू बघायला जे कॅम्प घेतात, तिथे हा पोरगा पोस्टखात्याची टोपी घालून जायचा, म्हणजे निदान कोचच्या लक्षात तरी राहू. टोपी लक्षात राहिली, 'मेलमन' हे नाव कायमचं चिकटलं, पण त्याला जिथे जायचं होतं त्या युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाने काही स्कॉलरशिप दिली नाही. मग २०१७ ला तो तिथे वॉक-ऑन म्हणून गेला. वॉक-ऑन म्हणजे फी स्वतःची, घाम स्वतःचा, खेळायला मिळेल याची गॅरंटी नाही.

[अथेन्स. सॅनफर्ड स्टेडियम, वरून. मग कॅमेरा खाली, हिरव्या कुंपणापाशी]

आणि हे अथेन्स, युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाचं गाव. सॅनफर्ड स्टेडियम, १९२९ साली उघडलं, आम्ही शूट केलं तेव्हा ९२ हजारांच्या वर लोक बसायचे. मैदानाभोवती हे जे हिरवं कुंपण दिसतंय ना, ते इथल्या लोकांचं देवघर आहे म्हणा. शनिवारी मॅच असली की पहाटेपासून पार्किंगमध्ये तंबू, शेगड्या, लाल टी-शर्ट, लहान पोरांच्या गालावर बुलडॉग, टीमचं चिन्ह. ही गर्दी बघा जरा. आम्ही इथे बोलत नाही.

[गर्दी, बँड. निवेदन थांबतं.]

या सगळ्यांना २०१७ मध्ये एकच गोष्ट पाहिजे होती, नॅशनल टायटल. शेवटचं १९८० च्या सीझनचं. कोच कर्बी स्मार्ट, स्वतः इथलाच जुना खेळाडू, अलाबामाहून परत आलेला, आणि त्याने देशभरातून टॅलेंट गोळा करायचा सपाटा लावला होता. इथे हायस्कूलच्या पोरांना स्टार देतात, पाच स्टार म्हणजे वरचे मोजके. जॉर्जियाकडे पाच स्टारवाले क्वार्टरबॅक एकामागून एक यायला लागले. आणि त्यांच्या मागे, अगदी मागे, हा मेलमन.

त्याचं काम काय होतं ते सांगतो, कारण आमच्या मते सगळी गोष्ट तिथे आहे. त्याला स्काउट टीममध्ये टाकलं. पुढच्या आठवड्यात ज्या टीमशी मॅच, त्या टीमची नक्कल करून आपल्याच डिफेन्सला सराव द्यायचा. २०१८ च्या १ जानेवारीला रोझ बोल या सीझनच्या शेवटच्या मोठ्या मॅचमध्ये ओक्लाहोमाशी गाठ होती, त्यांचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड, त्या वर्षीचा हाइझमन ट्रॉफीवाला, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू. तर बेनेटने सरावात मेफिल्ड केला. तसंच पळणं, तसंच शेवटच्या क्षणी निसटून फेकणं. आपल्याकडे नाटकात रिप्लेसमेंट करणारा नट असतो ना, पोस्टरवर नाव नाही पण नाटक शब्दन् शब्द पाठ, तसं. जॉर्जिया ती मॅच ५४-४८ ने जिंकली, डबल ओव्हरटाइममध्ये, आणि टीममधल्या लोकांनी त्या सरावाचं नाव घेतलं. टीव्हीवाल्यांनी अर्थात दुसऱ्यांचं घेतलं.

[अटलांटाजवळचं एक हायस्कूल. सराव. साइडलाइनवर मोठे रंगीत बोर्ड.]

कॉलेजच्या सरावात कॅमेरा घेऊन कोण सोडणार, म्हणून हे एका हायस्कूलमध्ये शूट केलंय, पण बेनेटच्या वेळी कॉलेजात पद्धत हीच होती. ते बोर्ड बघा. एकावर बर्गर, एकावर कार्टून, एकावर नुसता नंबर. शेजारी तीन माणसं हातवारे करतायत, त्यातला खरा एकच, बाकीचे समोरच्याला गंडवायला. कॉलेजात २०२४ पर्यंत क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ चालत नव्हता, प्रोफेशनल लीगमध्ये तो १९९४ पासून आहे. म्हणजे बेनेट खेळला तेव्हा ९० हजारांच्या आरडाओरड्यात, या अशा बोर्डांवरून, डोळ्यांनी सगळं वाचायचं. घड्याळ ४० सेकंदांचं. त्यात सिग्नल घ्या, दहा जणांना सांगा, उभे करा, आणि मग खरं काम सुरू होतं.

[व्हाइटबोर्ड. एक हात मार्करने गोल आणि फुल्या काढतोय.]

हा भाग जरा सावकाश बघू, आम्हाला स्वतःला हा शॉट फार आवडतो.

मागे हे दोन सेफ्टी, म्हणजे समोरच्या टीमचे सगळ्यात मागे राखण करणारे. दोघंही खोल उभे आहेत की एकच खोल आणि दुसरा पुढे सरकलाय? तिथून पहिला अंदाज. मग आपला एक माणूस बॉल सुटायच्या आधीच इकडून तिकडे पळवायचा. त्याच्या मागे समोरचा एक जण धावला तर बहुतेक माणसाला माणूस लावलाय, आणि सगळे जागच्या जागी थोडेसे हलले तर झोन, म्हणजे जो तो आपापली जागा राखतोय. मग मधला लाइनबॅकर, म्हणजे समोरच्यांच्या पुढच्या भिंतीमागे उभा राहणारा, त्याला म्हणतात माइक, त्याच्याकडे बोट करून ओरडायचं की माइक हा, कारण पुढची पाच धिप्पाड माणसं कुणाला अडवायचं हे त्याच्यावरून मोजतात. माइक चुकीचा सांगितला तर सगळ्यांचं गणित चुकतं आणि एक माणूस मोकळा सुटून सरळ क्वार्टरबॅकच्या बरगड्यांत येतो. पाच अडवणारे आणि सहा येणारे असले तर सहावा कुठून येणार हे आधीच कळायला हवं, कारण त्याच्यासाठी कुणीच नाहीये, त्याच्या आधी बॉल हातातून गेला पाहिजे.

आणि हे सगळं बॉल हातात यायच्या आधी. आल्यावर पावलं मोजून मागे, प्रत्येक पावलाला कुठला रिसीव्हर, म्हणजे बॉल झेलणारा, कुठे पोचला असणार ते ठरलेलं, पहिला बघ, नाही, दुसरा बघ, नाही, तिसरा, सोड. काही डावांत तर बॉल पळणाऱ्याच्या पोटाशी धरलेला असतानाच समोरच्या फक्त एका माणसाकडे बघायचं, तो पुढे आला तर बॉल काढून त्याच्या मागे फेकायचा, नाही आला तर देऊन टाकायचा.

आता टॅलेंटवाला याच्याशिवाय पण खेळतो, खोटं कशाला बोलू. हात तोफेसारखा असेल तर अर्धा सेकंद उशिरा फेकूनही बॉल पोचतो. पाय वेगवान असतील तर चुकलेलं वाचन धावून सावरता येतं. जस्टिन फील्ड्स तसा होता, जॉर्जियाचाच पोरगा, पाच स्टार, २०१८ ला इथे आला, एका सीझनमध्ये कंटाळून ओहायो स्टेटला गेला आणि तिथे त्याचं चांगलंच झालं, पुढे प्रोफेशनल लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्याच राउंडला घेतला त्याला. तो वेगळ्या व्हिडिओचा विषय.

[एलिसविल, मिसिसिपी. छोटं कॉलेज, पाऊस.]

फील्ड्स येतोय म्हटल्यावर बेनेट निघाला होता. इथे, एलिसविलच्या ज्युनिअर कॉलेजला. एक सीझन इथे खेळला. मग लुईझियानाच्या एका युनिव्हर्सिटीत जायचं जवळजवळ पक्कं झालं होतं, तेवढ्यात फील्ड्स निघाला, जॉर्जियाचा फोन आला, या वेळी स्कॉलरशिपसकट. २०१९ ला परत अथेन्स, परत रांग, पुढे जेक फ्रॉम. पाऊस आला म्हणून त्या दिवशी फार शूट झालं नाही, पण कॉलेज असंच आहे, शांत.

[परत अथेन्स. स्टेडियमच्या बाहेरच्या पायऱ्या.]

२०२० ला नवीन ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे हल्ल्याचे डाव ठरवणारा कोच आला, टॉड मंकन, नवीन प्लेबुक, म्हणजे डावांची वही घेऊन, आणि तेवढ्यात कोविड. वसंतातला सराव रद्द. सीझनच्या आधी क्वार्टरबॅकची रांग अशी होती: वेक फॉरेस्टमधून आलेला जेमी न्यूमन, त्याने तो सीझनच न खेळायचं ठरवलं. साउदर्न कॅलिफोर्नियामधून आलेला जेटी डॅनियल्स, पाच स्टार, शाळेचं शेवटचं वर्ष न करता सरळ कॉलेजात गेलेला, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अजून डॉक्टरांची परवानगी नव्हती. तिसरा ड्वान मॅथिस, त्याने पहिली मॅच सुरू केली आणि गाडी काही हलेना. मग आरडाओरडा करत बोलावलं कोणाला, तर मेलमनला. आर्कान्सासविरुद्ध ३७-१०.

पुढे अलाबामाने त्याला धुतलं, तीन इंटरसेप्शन, म्हणजे त्याचे पास समोरच्यांनीच झेलले, काही बॉल तर समोरच्यांनी हात वर करूनच अडवले. उंची. लोक म्हणाले बघा, सांगितलं होतं ना. फ्लोरिडाविरुद्धपण हार, आणि डॅनियल्स आत आला, पहिल्याच मॅचला ४०१ यार्डांचे पास. २०२१ ची पहिली मॅच पण डॅनियल्सचीच, क्लेमसनला १०-३. मग त्याचा पोटाचा स्नायू दुखावला, आणि पुढच्या मॅचला बेनेटने पाच टचडाऊन पास टाकले, टचडाऊन म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार पोचवणं. डॅनियल्स परत आला, पुन्हा दुखापत, पुन्हा बेनेट, आणि या वेळी डॅनियल्स बरा झाला तरी स्मार्टने जागा बदलली नाही. इथे लोक फार चिडले होते. आम्ही ज्या ज्या लोकांशी पार्किंगमध्ये बोललो ते सगळे आता म्हणतात, आमचा पहिल्यापासून त्याच्यावर विश्वास होता.

[हसणारे चेहरे. पार्किंग. शेगडीचा धूर.]

डिसेंबरात अलाबामाने परत हरवलं, ४१-२४, परत तेच, डॅनियल्सला आणा. नाही आणला. मिशिगनला ३४-११, आणि १० जानेवारी २०२२ ला इंडियानापोलिसमध्ये फायनल, परत अलाबामा.

त्या मॅचचं फुटेज आम्हाला वापरता येत नाही, त्यामुळे तोंडीच सांगतो. चौथ्या क्वार्टरमध्ये बेनेटच्या हातून बॉल सुटला, फंबल, आणि अलाबामा १८-१३ ने पुढे गेली. इथे कुठलाही पोरगा मोडला असता. पुढच्याच वेळी बॉल हातात आल्यावर चार डाव, त्यातल्या शेवटच्याला समोरचा एक जण बॉल सुटायच्या आधीच पुढे आला. फाऊल त्यांचा, म्हणजे हा डाव फुकट, बॉल त्यांच्या हातात गेला तरी नुकसान नाही. नवखा क्वार्टरबॅक हे बघून गोंधळतो किंवा ठरलेलंच करतो. बेनेटने लांब, कोपऱ्यात, अडोनाय मिचेलकडे ४० यार्ड टाकला. टचडाऊन. मग अजून एक ब्रॉक बॉवर्सला, मग डिफेन्सने बॉल पळवून ७९ यार्ड पळून शेवट केला. ३३-१८.

[अथेन्समधली भिंत, त्यावर रंगवलेला बुलडॉग. कॅमेरा थांबतो.]

हो, तो डिफेन्स भयंकर होता, पाच जण पहिल्याच राउंडला प्रोफेशनल लीगमध्ये गेले, आणि बेनेट स्वतः धावायलाही चपळ होता, हे कॉमेंटमध्ये कोणीतरी लिहीलच म्हणून आधी आम्हीच सांगून टाकतो. पण मग २०२२ बघा ना. त्यातले बरेचसे डिफेन्सवाले गेले, प्लेबुक तेच, कोऑर्डिनेटर तोच, आणि त्याच्याबरोबर त्याचं तिसरं वर्ष. सीझनभरात ४१२७ यार्डांचे पास. ओहायो स्टेटविरुद्ध सेमीफायनल, समोर सीजे स्ट्राउड, बेनेटपेक्षा टॅलेंटने कितीतरी वर, तो दिवसभर अप्रतिम खेळला, आणि मॅच संपायला ५४ सेकंद असताना बेनेटने विजयाचा पास टाकला, ४२-४१. फायनलला टीसीयू, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, ६५-७. सलग दोन टायटल. झालं.

बेनेट २५ वर्षांचा होता तेव्हा. लोक चेष्टा करायचे की हा पोरगा की प्राध्यापक.

[स्टेडियमच्या आत. रिकामी बसायची जागा, गवत कापणारं मशीन.]

आता रांगेत कोण उभं राहतं? २०२१ मध्येच नियम बदलला, एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायला लागत नाही, आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली. डॅनियल्स वेस्ट व्हर्जिनियाला गेला, मग राइसला. पाच स्टारवाला ब्रॉक व्हँडाग्रिफ केंटकीला गेला. कार्सन बेक थांबला, २०२३ ला त्याचा नंबर लागला. आणि त्याच्या मागे गनर स्टॉकटन, जॉर्जियाच्या डोंगराकडच्या टायगर नावाच्या गावाचा, २०२२ ला आला आणि बसला. डिसेंबर २०२४, टेक्सासविरुद्ध कॉन्फरन्स फायनल, बेकच्या कोपराला लागलं, स्टॉकटन आत. ओव्हरटाइममध्ये २२-१९. पुढची मॅच शुगर बोल, कॉलेजात पहिल्यांदाच मॅच सुरुवातीपासून त्याच्या हातात, नोत्र डामविरुद्ध. ती हरले, २३-१०. २०२५ ला टीम त्याच्याच हातात होती.