मुदतवाढ कागदांना, पैशांना नव्हे

नमस्कार मंडळी. मार्च उजाडला की अमेरिकेतल्या टॅक्स रिटर्नसाठी मला फोन यायला लागतात आणि बऱ्याच जणांचं एकच म्हणणं असतं: "कागद जमलेले नाहीत, एक्स्टेन्शन घेतो, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत काळजी नाही." यातला काळजी नाही हा भाग चुकीचा आहे. तेवढ्यासाठीच मी आज तुमच्यापुढे उभी आहे.

अमेरिकेत रिटर्न भरायची तारीख साधारणपणे १५ एप्रिल. त्या दिवसापर्यंत फॉर्म ४८६८, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज, भरला की सहा महिने आपोआप मिळतात, १५ ऑक्टोबरपर्यंत. कारण सांगावं लागत नाही. पण कर मात्र १५ एप्रिललाच द्यायचा असतो.

समजा, तुम्ही ३,००० डॉलर देणं लागता. फॉर्मही भरला नाही, पैसेही भरले नाहीत, आणि १५ सप्टेंबरला जाग आली. रिटर्न उशिरा भरण्याचा दंड आणि कर उशिरा भरण्याचा दंड मिळून दरमहा ५ टक्के, म्हणजे पाच महिन्यांचे ७५० डॉलर. तेच, एप्रिलमध्ये नुसता फॉर्म ४८६८ भरला असता तर उशिरा कर भरण्याचा दरमहा अर्धा टक्का, म्हणजे ७५ डॉलर. व्याज दोन्हीकडे वरून लागतं. म्हणून हातात दमडी नसली तरी फॉर्म भरा, आणि जमतील तेवढे पैसे त्याच दिवशी भरा.

आपल्या लोकांना ही मुदत लागते ती बहुतेक वेळा भारतातल्या कागदांमुळे. वडिलांच्या माघारी आलेली एनआरओ खात्यातली, म्हणजे परदेशस्थ भारतीयाच्या भारतातल्या कमाईच्या खात्यातली, एफडी घ्या. बँक व्याजाचा दाखला देते एप्रिल ते मार्चचा, इथे हिशेब लागतो जानेवारी ते डिसेंबरचा. मग दोन वर्षांचे दाखले समोर ठेवून, पासबुकातल्या नोंदी तारखेप्रमाणे वेगळ्या काढाव्या लागतात. भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर पासबुकाचा फोटो पाठवतो, त्यात नेमकी डिसेंबरची ओळ घडीत गेलेली असते. शिवाय तिथे कापलेल्या टीडीएसपैकी खरा कर किती, हे तिथलं रिटर्न भरल्यावर पक्कं होतं, आणि त्या कराचं क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून वजावट, तर इथे घ्यायचं असतं. घाईने चुकीचं रिटर्न भरून नंतर दुरुस्त करत बसण्यापेक्षा मुदत घेणं शहाणपणाचं. एनआरई खात्याचं, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्याचं, व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही, हेही कराच्या अंदाजात धरा.

आता ऑनलाइन कसं करायचं ते सांगते. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, फ्री फाइल या ऑनलाइन सेवेवरून फॉर्म ४८६८ फुकट भरता येतो, उत्पन्न कितीही असो. त्यात वर्षाचा एकूण कर किती होईल याचा अंदाज, आधी कापलेला कर आणि उरलेली रक्कम लिहायची. अंदाज प्रामाणिक हवा. तिथे शून्य टाकून मोकळं होऊ नका. 'पाठवलं' दिसलं म्हणून उठू नका, 'स्वीकारलं' असा निरोप येईपर्यंत थांबा आणि तो जपून ठेवा.

याहून सोपी वाट आहे डायरेक्ट पेची, म्हणजे आयआरएसच्या ऑनलाइन पैसे भरायच्या सोयीची. बँक खात्यातून पैसे भरताना कारण म्हणून 'एक्स्टेन्शन' निवडलं की मुदतवाढही मिळते, वेगळा फॉर्म लागत नाही. इथे दोन ठिकाणी माणसं अडकतात. एक म्हणजे वर्ष: २०२५ च्या कमाईचा कर २०२६ च्या एप्रिलमध्ये भरताना २०२५ निवडायचं. दुसरं, ओळख पटवण्यासाठी जुन्या रिटर्नवरचा पत्ता विचारतात. घर बदललेली मंडळी सवयीने नवा पत्ता टाकतात आणि तपशील जुळत नाहीत. जुनं रिटर्न उघडं ठेवूनच बसा.

राज्याचा कर वेगळा बघावा लागतो. कॅलिफोर्नियात मुदत न मागता मिळते, न्यूयॉर्कला मागावी लागते. आणि आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यामध्ये मागच्या वर्षासाठी पैसे टाकायचे असतील तर ते १५ एप्रिलच्या आतच. फॉर्म ४८६८ ने ती तारीख पुढे जात नाही.

शेवटी, मघाशी एक ताई विचारत होत्या, "एप्रिलमध्ये पुण्याला असले तर?" घर आणि कामाचं ठिकाण दोन्ही अमेरिकेबाहेर असतील त्यांना १५ जूनपर्यंत आपोआप वेळ मिळतो. आईच्या ऑपरेशनसाठी महिनाभर गेलेल्यांना तो मिळत नाही. ताई, तुम्ही निघण्याआधीच फॉर्म भरा, आणि जुनं रिटर्न सोबत न्या.