सांतान्देरची बोट धरण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटनमधून कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन उत्तर स्पेन पाहायला निघालं, की बेत साधारण ठरलेला असतो. पोर्ट्समथ किंवा प्लिमथहून सांतान्देरची बोट धरायची, किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिमेला गॅलिसियापर्यंत जायचं आणि त्याच बंदरावर परत यायचं. आम्हीही तसेच गेलो. पण आज मी बोलणार आहे ते फक्त शेवटच्या दिवसांबद्दल, कारण नेमके तेच दिवस लोक उरकून टाकतात. गॅलिसियाच्या हद्दीवरच्या रिबादेओहून ए-८ महामार्गाला लागलं, की तीन-साडेतीन तासांत सांतान्देर येतं. बोट चुकेल या धास्तीने माणसं ते अंतर एका दमात कापतात आणि कांताब्रिया हा अख्खा प्रांत नुसताच खिडकीबाहेरून निघून जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की इथे हातात तीन-चार दिवस राखून ठेवा आणि गाडी कमीत कमी चालवा.

उन्केरापाशी महामार्ग सोडायचा आणि दक्षिणेला वळायचं. थोड्याच वेळात ला एर्मिदाची घळ सुरू होते. देवा नदी डोंगर कापत आली आहे आणि तिच्या काठाने वीसेक किलोमीटर हा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना चुनखडीचे सरळसोट कडे. गाडीच्या काचेतून त्यांचा माथा दिसतच नाही. रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा, समोरून ट्रक आला की दोघांनीही वेग कमी करायचा. घाई असलेल्याने इकडे येऊच नये.

घळ संपते आणि पोतेस हे गाव लागतं. दगडी पूल, दगडी घरं, मागे पिकोस दे एउरोपाची शिखरं. इथे दुपारी कोसिदो लेबानिएगो खायचंच. आधी शेवयांचं गरम सूप येतं. मग एका मोठ्या थाळीत काबुली चणे, कोबी, मांस आणि चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज. हे चणे याच खोऱ्यातले, आकाराने लहान. रात्रभर भिजवून मंद आचेवर इतके शिजवतात, की जिभेने दाबला तरी दाणा विरघळतो, पण साल मात्र शाबूत. मला मांसापेक्षा तेच जास्त आवडले.

पुढे फुएंते देला रस्ताच संपतो. तिथून १९६६ पासून चालणारा केबलचा पाळणा एका झेपेत ७५३ मीटर वर नेतो, मध्ये एकही खांब नाही. वर पोचल्यावर झाडं नाहीत, नुसता करडा दगड आणि वारा. समुद्र इथून फार लांब नाही, यावर विश्वास बसत नाही.

आता परत किनाऱ्याकडे. सान विसेन्ते दे ला बार्केराच्या पलीकडे ओयाम्ब्रेची लांबच लांब पुळण आहे. १४ जून १९२९ रोजी एक पिवळं फ्रेंच विमान अमेरिकेहून अटलांटिक ओलांडून इथल्या वाळूत उतरलं. जायचं होतं पॅरिसला, पण विमानात एक तरुण लपून बसला होता. त्याचं वजन जास्तीचं झालं, इंधन पुरलं नाही. त्या उड्डाणाचं स्मारक आजही तिथे उभं आहे. हा किनारा संरक्षित निसर्ग उद्यानात येतो, म्हणून रात्री गाडी कॅम्पसाइटवरच लावा. एरवी स्पेनमध्ये नुसती उभी केलेली गाडी आणि मुक्काम ठोकलेली गाडी यांत फरक करतात. बाहेर खुर्च्या मांडल्या, छत ओढलं, की तो मुक्काम. शिवाय गावागावाचे आपले नियम असतात, तेव्हा पाटी वाचल्याशिवाय हँडब्रेक ओढू नका.

सांतियाना देल मारजवळ आल्तामिराची गुहा आहे. १८७९ साली मार्सेलिनो सान्स दे सौतुओला हा तिथलाच जमीनदार हाडं आणि दगडी हत्यारं शोधत जमीन उकरत होता. त्याची आठ वर्षांची मुलगी मारिया सोबत होती. तिने वर पाहिलं आणि छतावर रंगवलेले रानरेडे तिला दिसले. ही चित्रं अश्मयुगातल्या माणसांनी काढली, असं सौतुओलाने मांडलं, पण विद्वानांनी त्याला खोटं ठरवलं. १८८८ मध्ये तो गेला. १९०२ मध्ये त्याचे सगळ्यांत कडवे विरोधक, फ्रेंच संशोधक एमिल कार्तैयाक, यांनी आपली चूक छापून कबूल केली. मला ही गोष्ट अजून अस्वस्थ करते. चित्रं जपण्यासाठी मूळ गुहेत सहसा सोडत नाहीत. शेजारी २००१ पासून तिची हुबेहूब प्रतिकृती आहे. तिचं छत नीट न्याहाळा. जिथे खडकाला फुगवटा आहे, नेमकं तिथेच जनावराचं पोट किंवा खांदा आला आहे. खडक पाहून मगच रेघ ओढलेली आहे. या एका छतासाठी अर्धा दिवस द्या.

मग सांतान्देर ओलांडून थोडं पूर्वेला, सांतोन्याला जा. हे अँचोव्हीचं गाव. हा मासा आपल्या मांदेळीच्याच कुळातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीहून मीठ लावून मासे टिकवणारे कारागीर इथे आले आणि त्यांनी हा धंदा उभा केला. मासा मिठात काही महिने मुरतो. मग बायका एकेक मासा हातात घेऊन त्याची साल काढतात, कडा कात्रीने कापतात, दोन फाका वेगळ्या करून काटे वेचतात आणि तेलात ओळीने लावतात. चांगल्या फाकेवर एक काटा सापडायचा नाही.

शेवटच्या सकाळी सांडपाण्याच्या टाक्या नेमून दिलेल्या जागीच रिकाम्या करा, गॅस बंद करा. आणि पोतेसला घेतलेलं चीज उरलं असेल, तर न्याहारीलाच संपवा. एप्रिल २०२५ पासून, लाळ्या-खुरकूत रोगाच्या भीतीने, युरोपीय संघातून चीज, दूध आणि गाय, मेंढी, शेळी किंवा डुकराचं मांस ब्रिटनमध्ये स्वतःपुरतंही नेता येत नाही. अँचोव्हीचे डबे मात्र चालतात. फक्त ते थंड जागीच टिकतात, आणि बोट सुटल्यावर गाड्यांच्या मजल्यावर कुणाला जाऊ देत नाहीत. म्हणून गाडीतून उतरण्याआधी ते बर्फाच्या पिशव्यांबरोबर थंड पिशवीत भरा आणि तिची चेन घट्ट लावा.

नमस्कार.