छावणीबाहेरून वेदीपर्यंत : लेवीय 14 मधला शुद्धीकरण विधी

बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रात अशुद्ध होणं वेगळं आणि पाप करणं वेगळं. प्रेताला हात लावणारा सात दिवस अशुद्ध ठरायचा, पण आईवडिलांना मूठमाती देणं हा काही गुन्हा नव्हे. मासिक पाळीतही सात दिवसांची अशुद्धता होती, त्यासाठी कोणतंही अर्पण सांगितलेलं नाही. त्या अवस्थेत पवित्रस्थानी जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा फरक विसरला, की पाळी असलेल्या बहिणीला प्रभुभोजनापासून (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून) दूर बसवलं जातं. हे शास्त्राला धरून नाही.

आता लेवीय 14, म्हणजे याच नियमशास्त्रातल्या लेवीय पुस्तकाचा चौदावा अध्याय, पाहू. बऱ्या झालेल्या चर्मरोग्याला शुद्ध ठरवण्याचा विधी त्यात आहे. इथला चर्मरोग म्हणजे आजचा कुष्ठरोग असं समजू नये, कारण तोच चट्टा कपड्यावर आणि घराच्या भिंतीवरही पडतो, असं लेवीय 13 आणि 14 हे अध्याय सांगतात.

रोगी इस्राएली लोकांच्या छावणीबाहेर राहतो. त्याला आत यायची मुभा नाही, म्हणून याजक बाहेर जातो. तो रोग बरा करत नाही. बरा झाला आहे का, ते तपासतो. मग दोन जिवंत शुद्ध पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती आणवतो. मातीच्या भांड्यात वाहतं पाणी घेऊन त्यावर एक पक्षी मारतात. दुसरा जिवंत पक्षी, लाकूड, सूत आणि एजोब त्या रक्तात बुडवतात. याजक सात वेळा शिंपडतो, त्या माणसाला शुद्ध ठरवतो आणि रक्तानं भिजलेला जिवंत पक्षी मोकळ्या रानात सोडून देतो. एक मेला म्हणून दुसरा सुटला. ख्रिस्ती वाचकाला इथे वधस्तंभ दिसल्यावाचून राहत नाही.

पण विधी इथे संपत नाही. कपडे धुणं, सगळे केस काढणं, स्नान; मग छावणीत प्रवेश, तरी सात दिवस स्वतःच्या तंबूबाहेरच. सातव्या दिवशी पुन्हा मुंडण, दाढी आणि भुवयांसकट. आठव्या दिवशी तो दोन कोकरे, एक वर्षाची मेंढी, तीन दशांश एफा तेलात मळलेलं सपीठ आणि एक लोग तेल घेऊन येतो (एफा हे धान्याचं आणि लोग हे तेलाचं माप). गरिबाला सवलत आहे: एक कोकरू, एक दशांश एफा सपीठ आणि दोन पारवे किंवा होले. तेल मात्र तेवढंच, एक लोग.

याजक दोषार्पणाचं, म्हणजे दोषासाठी अर्पण केलेल्या कोकराचं, रक्त त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. त्यावर तेल लावतो, उरलेलं तेल डोक्यावर. क्रम महत्त्वाचा: आधी रक्त, मग त्याच रक्तावर तेल. रक्त ही क्षमेची खूण, तेल सामर्थ्याची. क्षमेआधी सामर्थ्य मागणारी प्रार्थना हा क्रम उलटा करते. आणि कान, हात, पाय यांना रक्त लावण्याचा हाच विधी लेवीय 8 मध्ये महायाजक अहरोनाच्या याजकदीक्षेत आहे! काल बाहेर हाकललेल्या माणसाला आज महायाजकासारखीच खूण मिळते. आपण काय ऐकतो, हातांनी काय करतो, कुठे जातो, हे सगळं त्या खुणेखाली येतं.

पापात पडून परत येणाऱ्या विश्वासणाऱ्याला सामावून घेताना मंडळीनं हेच टप्पे डोळ्यांपुढे ठेवावेत. आधी संगतीत घ्यावं, घरचे संबंध सावरायला वेळ द्यावा, सेवेची जबाबदारी नंतर. पहिल्याच रविवारी व्यासपीठ दिलं, तर मधले सात दिवस गळतात. जखम झाकली जाते, भरत नाही. याच्या उलट चूक अधिक क्रूर: पश्चात्ताप दिसूनही कुणी ‘तू शुद्ध आहेस’ असं मोठ्यानं म्हणतच नाही. याजकाला ते म्हणावंच लागे. 2 करिंथ 2 मध्ये पौल म्हणतो, अशा माणसाला क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो अतिदुःखात बुडून जाईल.

मार्क 1 मध्ये येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला, बरं केलं आणि ‘याजकाला दाखव, मोशेनं नेमलेलं अर्पण कर’ असं बजावलं. पण त्या माणसानं बातमी गावभर केली. तो लोकांत मोकळा वावरू लागला आणि येशूला नगरात उघडपणे जाता येईना. येशूच बाहेर ओसाड जागी राहिला.