पूर ओसरल्यावर काय विचारावं

(नाशिक येथे पूर आणि गारपीट मदतकार्यातील स्वयंसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतो. पाणी त्याच्या कमरेवर चढलं की सराफ बाजारातली दुकानं आवरायला घेतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपण हे सगळं पाहिलं. पाण्याची उंची मोजायची खूण आपल्याकडे आहे. पाणी उतरल्यावर माणूस कुठवर बुडालाय, हे ओळखणं मात्र शिकावं लागतं.

सगळ्यात आधी एक सवय सोडा. ‘नेमकं काय झालं, सांगा ना’ हा प्रश्न विचारू नका. मन मोकळं केलं की बरं वाटतं, असं आपण धरूनच चालतो. १९८० च्या दशकात आपत्तीत काम करणाऱ्या जवानांना एकत्र बसवून सगळा प्रसंग पुन्हा सांगायला लावायची पद्धत निघाली. पुढे ती आपत्तीग्रस्तांसाठीही वापरली गेली. अभ्यासांत मात्र दिसलं की एकाच बैठकीत असं सगळं उकरून काढल्याने नंतरचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. त्यात छावणीत पाच संस्था येतात आणि पाचही जण तेच विचारतात. एखाद्या बाईने नवरा वाहून गेल्याचं पाचदा का सांगावं? तिला स्वतःहून बोलायचं असेल तर शेवटपर्यंत ऐका. नसेल, तर शेजारी बसा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन गोष्टींत येतो: पाहा, ऐका, जोडून द्या. पहिल्या दोन आपण उत्साहाने शिकवतो. तिसरी, म्हणजे माणसाला हव्या त्या मदतीशी जोडून देणं, राहून जाते, आणि माझ्या मते खरा आधार तिथेच असतो. तलाठी पंचनाम्याला कधी येणार, पासबुक वाहून गेलं तर काय करायचं, चुकलेल्या मुलाची नोंद कुठे होते, रुग्णालयात कोणाला भेटायचं, हे ज्याला नीट माहीत आहे त्याच्याजवळ माणूस शांत होतो. म्हणून प्रशिक्षणाचा निम्मा वेळ मी यालाच देतो. माहीत नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणा आणि खरंच परत जा. खोटं आश्वासन देऊ नका.

सांत्वनाची तयार वाक्यंही टाळा. ‘देवाची इच्छा’, ‘तुम्ही तरी वाचलात’ ही त्यातलीच. इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली, चौथ्या दिवशी शोध थांबला आणि ५७ माणसं सापडलीच नाहीत. देह हाती नाही, अंत्यसंस्कार नाही, अशा घरात कोणतं वाक्य पुरणार? तिथे विधी कसे करायचे ते घरच्यांना ठरवू द्या. ते सांगतील ती धावपळ तुम्ही करा.

‘विचारू नका’ या सांगण्याला आता एक अपवाद, आणि तो निफाड-दिंडोरीकडच्या कार्यकर्त्यांनी नीट ऐकावा. गारपिटीनंतर द्राक्षबागेत सगळे येतात, फोटो काढतात, निघून जातात. मागे राहतो तो सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेला शेतकरी. तो गप्प झाला, जेवण सुटलं, ‘आता माझा काय उपयोग’ असं बोलू लागला, तर थेट विचारा: ‘दादा, जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरच्यांना सांगून कुलपात ठेवायला लावा, त्याच्याच फोनवरून १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास. मग त्याला डॉक्टरांपर्यंत स्वतः सोबत घेऊन जा.

हा प्रश्न आयत्या वेळी तोंडातून फुटत नाही. घशातच अडकतो. म्हणून चहानंतर जोड्या करू आणि प्रत्येकाने तो समोरच्याच्या डोळ्यांत बघून, मोठ्याने विचारायचा आहे.