नांदूरमधमेश्वरचे वारकरी

डिसेंबरातली पहाट. निफाडची थंडी काय चीज आहे ते इथल्या द्राक्षवाल्यांना विचारा. आमची बोटं तर दुर्बिणीचं चाकही फिरवेनात. नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावरून समोर नुसतं धुकं. आवाज मात्र येतोय; बदकांची कुजबुज, मध्येच पंखांची फडफड.

(धुकं विरतं. पाणी दिसू लागतं.)

इथे कादवा गोदावरीला मिळते. इंग्रजांच्या काळात संगमाशी बंधारा घातला, तो शेतीच्या पाण्यासाठी. पुढे नद्या गाळ आणत राहिल्या. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं उठली, पाणवनस्पती माजल्या. साठवणीच्या हिशेबात हा तोटाच. पक्ष्यांना मात्र नेमकं हेच हवं असतं: पाय टेकतील एवढं पाणी, चोच खुपसायला चिखल, आणि विसाव्याला काठावरच्या बाभळी, करंज. १९८६ साली इथे अभयारण्य झालं. राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागाही हीच; म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून रामसर कराराच्या यादीत गेलेली. जानेवारी २०२० मध्ये ती घोषणा झाली.

आता दुर्बीण लावा. पुस्तक राहू दे पिशवीत, निम्मी ओळख मराठी नावंच करून देतात. त्या तपकिरी बदकाची चोच बघा. टोकाला पिवळी, बुडाशी लाल ठिपके. हे हळदी-कुंकू! शेजारचा, गवंड्याच्या थापीसारखी रुंद चोच पाण्यावरून फिरवत अन्न गाळतोय, तो थापट्या. हिमालय ओलांडून आलेला पाहुणा. पलीकडे केशरी रंगाची चक्रवाकांची जोडी. रात्री म्हणे यांची ताटातूट होते. कवींचं कवींपाशी, आम्हाला तर पहाटेच्या गारठ्यात दोघं शेजारी-शेजारी पेंगताना दिसले.

आणि हे काळेसावळे, कपाळावर पांढराशुभ्र टिळा लावलेले? वारकरी. एकटा-दुकटा नाही, अख्खी दिंडीच उतरलीय पाण्यावर.

(बाभळीच्या शेंड्यावरून एक मोठी सावली निघते.)

भोवत्या आला. शिकारी पक्षी, पाण्याभोवती खालून खालून घिरट्या घालतो, म्हणून भोवत्या. कुजबुज थांबते. बदकं भर्रकन सरळ वर उडतात. वारकऱ्यांना ते जमत नाही. त्यांना उडायच्या आधी पाण्यावरून पळावं लागतं. पंख फडफडवत, पायांनी पाणी तुडवत सगळे एकदम सुटतात. वारीतला धावाच जणू.