मुठीची दोन हाडं

(पहाटेचं धुकं, गोल्फच्या सरावाचं मैदान म्हणजे रेंज, काही सेकंद फक्त आवाज)

डिसेंबरातली सकाळ आहे, पुण्याच्या एका कडेची, आणि समोर जे सगळं पांढरं दिसतंय ते धुकं, त्याच्या पलीकडे 150 यार्डाची पाटी आहे पण ती अजून दिसत नाहीये. टिटवी ओरडतीये, ऐका. आणि आता हा दुसरा आवाज, टक्, हा 7 आयर्नचा, म्हणजे लोखंडी तोंडाच्या गोल्फच्या काठीचा, मॅटवरनं चेंडू निघाला. जरा डावीकडे निघालाय. आता बघत राहा. वळला, उजवीकडे, अजून उजवीकडे, आणि थेट कडेच्या जाळीत.

परत एक. परत जाळीत.

याला स्लाइस म्हणतात, आणि उजव्या हाताने खेळणारे नवीन लोक रेंजवर येतात ना, त्यातल्या भरपूर जणांचं दुखणं हेच असतं. या काकू बँकेतून रिटायर झाल्या, सकाळी चालायला म्हणून बाहेर पडायच्या, चालता चालता या खेळात आल्या. दीड वर्ष त्या स्वतःच मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकत होत्या. एका व्हिडिओत सांगतात डोकं हलवू नका, दुसऱ्यात सांगतात कंबर फिरवा, तिसऱ्यात सांगतात मनगट सैल सोडा, आणि हे सगळं एकाच स्विंगमध्ये करायला गेलं की काय होतं ते आत्ता तुम्ही जाळीत बघितलं.

मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जे बसलेत, निळी टोपी, ते सर. ते 10 मिनिटं काहीच बोलले नाहीत. आमच्या कॅमेऱ्यात ती 10 मिनिटं सलग आहेत, काकू मारतायत आणि सर नुसते बघतायत, आणि बघतायत पण कुठे, तर चेंडूकडे नाही, एकदाही नाही. ते हातांकडे बघतायत.

मग ते उठले आणि म्हणाले, "मॅडम, आता मारू नका. फक्त काठी धरून दाखवा."

(क्लोजअप, डावा हात)

हा शॉट आम्ही मुद्दाम मोठा ठेवलाय कारण सगळी गोष्ट इथे आहे. डावा हात बघा. काठी तळहातात आडवी गेलीये, अंगठा अगदी वरून सरळ खाली, आणि काकूंनी वाकून बघितलं तर त्यांना स्वतःच्या मुठीचं एकच हाड दिसतंय. सर म्हणतात, दोन दिसली पाहिजेत. काठी तळहातात नाही, बोटांच्या मुळाशी धरायची, मग मूठ थोडी उजवीकडे वळवायची, आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जी घडी पडते तिचं टोक उजव्या खांद्याकडे आलं पाहिजे. झालं. एवढाच बदल. काकूंना विचारलं तर म्हणाल्या हात पूर्ण फिरल्यासारखा वाटतोय, कुणा दुसऱ्याचा हात लावल्यासारखा. व्हिडिओत दोन्ही ग्रिप शेजारी शेजारी ठेवल्यात आम्ही, बघा, फरक जेमतेम बोटभर.

आता या बोटभर फरकाने एवढं काय होतं? तर क्लब, म्हणजे ही काठी, आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात तो वेळ साधारण अर्धा मिलीसेकंद, म्हणजे एका सेकंदाचे 2000 भाग केले तर त्यातला एक. तेवढ्यात तुम्ही हाताने काहीही दुरुस्त करू शकत नाही. त्या क्षणी क्लबचं तोंड जिकडे असतं, चेंडू मुख्यतः तिकडे निघतो. आणि तोंड एकीकडे, क्लब फिरण्याची वाट दुसरीकडे असं असेल तर तो हवेत वळतो. बरीच वर्षं हे उलटं शिकवलं जायचं, की चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि तोंडाकडे वळतो, रडारवाली मशीन आली तेव्हा कुठे नीट कळलं. काकूंचा क्लब बाहेरून आत, डावीकडे कापत येत होता, आणि त्या वाटेच्या मानाने तोंड उघडं, म्हणून डावीकडे निघून उजवीकडे जाळी. ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, लॉफ्ट म्हणजे तोंडाचा तिरकेपणा कमी असतो त्यामुळे त्याने हीच चूक अजून मोठी दिसते. सरांनी ड्रायव्हर पहिल्याच दिवशी बॅगेत ठेवायला लावला, तो या फिल्ममध्ये तुम्हाला दिसणार नाही.

पकड किती घट्ट, हा पुढचा प्रश्न. काकूंची बोटं बघा, पांढरी पडलीयेत. सर विचारतात, "मॅडम, पापड लाटता का?" काकू म्हणतात, आता कुठे, पण आईच्या हाताखाली पोरवयात खूप लाटलेत. "मग लाटणं किती जोरात धरत होता?" आणि बघा, इथे, त्यांचे खांदे खाली आले. कोणी खांद्यांबद्दल काही बोललंच नव्हतं.

(इलेक्ट्रिकच्या पाइपचे दोन तुकडे, जमिनीवर)

दुसरा शनिवार. हे पांढरे पाइप घरात वायरिंगला वापरतात तेच आहेत, सरांनी कापून आणलेत, दुकानात यासाठी वेगळ्या काठ्या मिळतात पण कामाला दोन्ही सारख्याच. एक पाइप चेंडूच्या पलीकडे, पाटीच्या दिशेने. दुसरा काकूंच्या पायाच्या टोकांना लावून. आणि मग वरून घेतलेला हा शॉट, शिडीवर चढून घेतलाय. दोन पाइप समांतर पाहिजेत, आणि दुसरा कुठे चाललाय बघा, चांगला डावीकडे. म्हणजे काकूंना माहिती होतं की चेंडू उजवीकडे जातो, म्हणून नकळत त्या डावीकडे तोंड करून उभ्या राहायला लागल्या होत्या, आणि डावीकडे उभं राहिलं की क्लब आणखी बाहेरून कापत येतो, आणि तो कापत आला की चेंडू आणखी उजवीकडे वळतो, की मग माणूस आणखी डावीकडे उभा राहतो. दीड वर्ष हे चाललेलं होतं. एकट्याने शिकताना हे समजणं शक्य नाही असं मला वाटतं, कारण स्वतःच्या पायांकडे वरून बघितलं की ते सरळच दिसतात. दुसरा माणूस लागतो, मागे उभा असलेला.

आणि हा मागे उभा असलेला माणूस कुठून येतो हे आम्हाला सांगायचंच होतं.

(चहाची टपरी, सर बोलताना)

सर कॅडी होते. शाळेत असताना सुट्टीत बॅगा उचलायला लागले, मग सुट्टी संपली पण बॅगा सुटल्या नाहीत. एका वेळी 14 पर्यंत क्लब असतात बॅगेत, नियमाने त्यापेक्षा जास्त चालत नाहीत, आणि ते खांद्यावर घेऊन 18 होल चालायचं. ते चालताना सरांनी हजारो स्विंग बघितले. चांगले, वाईट, रागावलेले. चेंडू कुठे पडला हे शोधून देणं हे कॅडीचं काम, आणि चेंडू रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, कुठे जाणार हे आधीच ओळखायचं असेल तर क्लब खाली येतानाच बघावा लागतो, म्हणून ती नजर तयार झाली. सोमवारी कोर्स बंद असला की कॅडींना खेळायला मिळायचं, उधारीच्या क्लबने.

आपल्याकडचं गोल्फ या लोकांनी उभं केलंय, हे मला ठासून सांगायचंय. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना, आणि तिथे हिरवळ राखणाऱ्या माणसाचा मुलगा, एस. एस. पी. चौरासिया, कॅडी म्हणून सुरुवात करून 2016 आणि 2017 असं लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकला. त्याच्याही आधी अली शेर, दिल्लीचा कॅडी, 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल, आणि 1993 मध्ये परत. सरांकडे अली शेरचा वर्तमानपत्रातला फोटो अजून आहे, तो त्यांनी पाकिटातून काढून दाखवला तो हा शॉट. घडीवर फाटलाय.

चहा पिताना त्यांनी काकूंना निक फाल्डोची गोष्ट सांगितली, कारण त्या दिवशी काकू वैतागल्या होत्या, नवीन ग्रिपने चेंडू धड 50 यार्डही जात नव्हता. इंग्लंडचा फाल्डो, तेव्हाच युरोपातला मोठा खेळाडू, जिंकत होता, आणि 1985 मध्ये त्याने डेव्हिड लेडबेटर या कोचकडे जाऊन सांगितलं की माझा स्विंग पहिल्यापासून बांधायचाय. मधला बराच काळ तो जिंकलाच नाही. लोक बोलायला लागले की चांगला होता, बिघडवून घेतला. मग 1987 ची ब्रिटनमधली ओपन स्पर्धा, म्युरफिल्डचा कोर्स, शेवटचा दिवस, 18 होल आणि 18 च्या 18 पार, म्हणजे प्रत्येक होल ठरलेल्या फटक्यांतच, एका शॉटने जिंकला. पुढे त्याच्या एकूण 6 मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकून झाल्या. सर म्हणतात, "मॅडम, त्याला दोन वर्षं लागली. आपल्याला दोनच शनिवार झालेत."

काकू हसल्या का ते तुम्हीच बघा.

(पाण्याची रिकामी बाटली)

हा सगळ्यांचा आवडता शॉट, आमच्या एडिटरचा पण. चेंडूच्या पलीकडे, चार बोटं सोडून, सरांनी रिकामी बाटली उभी केलीये. क्लब बाहेरून आला तर आधी बाटली उडणार. उडाली. परत उभी केली. उडाली. नऊ वेळा उडाली, मोजलंय. सर दर वेळी जाऊन उचलून आणतात, काही बोलत नाहीत.

मग त्यांनी क्लब काढून घेतला आणि कडेचा एक चपटा दगड हातात दिला. तळ्यावर भाकऱ्या काढता येतात का? येतात म्हणाल्या, गावाकडे विहिरीवर काढायचो. मग काढा इथेच. बघा स्लो मोशनमध्ये, दगड टाकताना कोपर कसं बरगडीजवळ येतं, आधी कंबर वळते, मग कोपर, आणि हात सगळ्यात शेवटी. कोणी शिकवलं होतं त्यांना हे? कोणी नाही. डाऊनस्विंग म्हणजे हेच, आधी खालून सुरू होतं, हात मागून येतात. काकू हात आधी फेकत होत्या, खांद्यावरून, कुऱ्हाड मारल्यासारखं.

दहावा. बाटली उभी आहे. आवाज वेगळा आलाय, ऐकला? परत लावतो. पहिला हा, आणि आत्ताचा हा. तो भरीव आवाज म्हणजे चेंडू क्लबच्या तोंडाच्या मधोमध लागला.

पुढचे तीन शनिवार फक्त अर्धा स्विंग. घड्याळ समजा, हात नऊवरून तीनपर्यंत, त्याच्या वर नाही. सर मोजतायत, "एक, दोन, तीन" वर जाताना, आणि "चार" खाली. चांगल्या खेळाडूंमध्ये वर जायला लागणारा वेळ आणि खाली यायला लागणारा वेळ साधारण तिप्पट-एकपट असतो, स्विंग हळू असो की जोरात, हे प्रमाण फारसं बदलत नाही. काकूंचं आधी जवळजवळ सारखं होतं, घाईघाईत वर आणि घाईघाईत खाली.

आणि मॅटवरून गवतावर. इथे अजून एक गोष्ट सुटली. काकू चेंडू उचलायला जायच्या, खालून वर, म्हणजे मागे जमिनीला घासून मग चेंडू. 7 आयर्नच्या तोंडाला साधारण 30 ते 34 अंशाचा तिरकेपणा बनवतानाच दिलेला असतो, चेंडू वर न्यायचं काम तो करतो, आपण नाही करायचं. आपण चेंडूवर उतरायचं, आधी चेंडू आणि मग माती. सरांनी गवतावर चुन्याची एक रेघ मारली आणि चेंडू न ठेवता नुसतं मारायला लावलं. माती कुठे निघते बघा. रेघेच्या मागे. मागे. रेघेवर. आणि ही, पुढे. ओल्या गवताचा तुकडा उडालेला दिसतोय तो डिवॉट, तो उचलून परत जागेवर दाबून ठेवायचा असतो, कॅडी असलेला माणूस ते विसरत नाही, बघा सर ठेवतायत.

मधले दोन शनिवार काकू आल्या नाहीत.

(कोर्स, फेब्रुवारी, स्वच्छ ऊन)

नऊ होलचा कोर्स, सातवं होल, पार 3, उजव्या बाजूला सगळं पाणी. आधीचा स्विंग असता तर चेंडू कुठे गेला असता ते तुम्हाला आता माहितीये. सर आज काकूंची बॅग घेऊन चालतायत, त्यांनी स्वतःच घेतली खांद्यावर, काकू नको नको म्हणत होत्या. टीवर उभं राहून काकू आधी खाली बघतात. मूठ. एक हाड, दोन हाडं. मग पाय. मग सर काही मोजत नाहीयेत, ओठ मात्र हलतायत.

(चेंडूबरोबर कॅमेरा, आवाज फक्त तिथला)

डावीकडे निघाला, थोडासा वळला, ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, कडेला. मग दोन हलके फटके, पार. त्या दिवशीचा स्कोअर आधीपेक्षा नऊ शॉट कमी आला, दोन चेंडू तरीही पाण्यात गेले, ड्रायव्हर उन्हाळ्यानंतर काढायचा ठरलाय.

(संध्याकाळ, रिकामी रेंज, ट्रॅक्टर चेंडू गोळा करतोय)

हे शूट ठरलेलं नव्हतं. आम्ही सामान आवरत होतो, ट्रायपॉड गाडीत गेला होता, म्हणून कॅमेरा हलतोय, माफ करा. सर एकटे आहेत. हातात जुनं 7 आयर्न, ग्रिपवर काळी टेप गुंडाळलेली. कडेला राहिलेले चार चेंडू त्यांनी पायाने ओढून घेतले. इथून पुढे मी बोलत नाही.