पाचवा नारळ

(दृश्य: गोव्यातल्या सावईवेऱ्यातलं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग. सकाळ. माडा-पोफळींमधून वाहणारं पाटाचं पाणी.)

या आजीनं सत्तरी ओलांडली आहे. उमेदीची सगळी वर्षं तिनं रहाटानं पाणी ओढलं, भरलेली कळशी कमरेवर घेऊन पायऱ्या चढल्या. मग पंप आला, न्हाणीपर्यंत नळ आला. त्या कष्टांतून ती सुटली, आणि सुटायलाच हवी होती. पण वजन उचलणं थांबलं तसं मांड्यांतलं बळही ओसरलं. आता पाटावरून उठायचं म्हणजे आधी जमिनीला हात, मग भिंतीला.

वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली नाव दिलं, सार्कोपेनिया. पन्नाशीनंतर दरवर्षी साधारण एक टक्का स्नायू जातो आणि ताकद त्याहून भरभर जाते. जास्त झिजतात ते झटक्यात काम करणारे तंतू. पावसात शेवाळलेल्या अंगणात पाय सरकला, तर तोल सावरायला नेमके तेच लागतात.

‘या वयात कसली वजनं उचलायची?’ या झिजेवर उपाय म्हणून वजनं उचला म्हटलं, की घरोघरी हेच ऐकू येतं. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना हाच व्यायाम दिला. वजन लुटुपुटीचं नव्हतं. एका दमात जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते नेलं. आठ आठवडे पुरे करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीचे स्नायू ९ टक्क्यांनी भरले. दोघांची काठी सुटली! नव्वदीच्या माणसांचे हे आकडे वाचताना मला आजही भरून येतं.

मग स्नायू वाढवणाऱ्या हार्मोन्सचं काय? जड व्यायामानंतर टेस्टोस्टेरॉन आणि ग्रोथ हार्मोन थोडा वेळ वाढतात; तरुणांत जास्त, म्हाताऱ्यांत कमी. महिनोन्‌महिने व्यायाम करूनही त्यांची एरवीची पातळी फारशी हलत नाही. तरी स्नायू वाढतोच, कारण तंतूवर पडणारा ताण हाच त्याला वाढण्याचा निरोप असतो. टेस्टोस्टेरॉन जन्मभर कमी असलेल्या बायकांचीही ताकद म्हणूनच वाढते.

हलकं वजन थकेपर्यंत उचललं तरी स्नायू भरतो. ताकद मात्र जड वजनानं अधिक येते. सुरुवात हलकीच करायची, रक्तदाब डॉक्टरांना दाखवून, आणि उचलताना श्वास कोंडायचा नाही. ताटात मासळी हवी, आळसांदे (चवळी) हवेत. नुसत्या शीत-कढीवर स्नायू बांधला जात नाही.

(दृश्य: ओटीवर खुर्ची. आजीनं कापडी पिशवी छातीशी धरली आहे.)

पिशवीत सोललेले नारळ आहेत. पहिल्या आठवड्यात एक होता, आज पाच. आजी हात न टेकता उठते, बसते. आठव्या खेपेला पाय थरथरतात. तेवढे थरथरायलाच हवेत.

दम घेऊन ती सुनेकडे पिशवी सरकवते. “फाल्यां आनीक एक घाल गो.”